अठरामाडचा पाचवा

१. पाणी हटलं

पंच्याऐंशी सालचा जून नुकता लागला होता. सोमवारी, पुनवेच्या संध्याकाळी, ओहोटीचं पाणी हटलं आणि अठरामाडच्या पुळणीवर जिथं दगड असायला हवा होता तिथं नुसते वाळूत अर्धे रुतलेले दोन ओंडके दिसले.

आता दगड म्हणजे काही पाटा-वरवंटा नव्हे, की कुणी पदराखाली घालून नेला. कमरेएवढा उंच, वीतभर जाड, काळाभोर. हलवायचा तर सहा गडी लागायचे. पहिल्या महायुद्धात सरकारनं या मच्छीमार वाडीतले होडी हाकणारे गडी बसऱ्याला नेले होते, तिथल्या नदीतून फौजेचं सामान वाहायला. त्यांच्या आठवणीचा हा दगड. पासष्ट वर्षं तो खाडीकाठच्या चौथऱ्यावर देवळाच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाडीत कुणाला वाचता येत नव्हतं, पण लग्न झालेलं जोडपं आधी त्याच्या पाया पडायचं आणि मग घरात शिरायचं.

खाडी दरसाल काठ खात होती. वाडी वरच्या अंगाला, नव्या जागी हलायची होती आणि दगडही तिकडेच जायचा होता. बोईसरच्या मुकादमाच्या माणसांनी रविवारी तो पहारींनी सुटा केला आणि पुळणीवर दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून ट्रक येतो, तो मंगळवारी यायचा होता. सोमवारी दुपारच्या उधाणाचं पाणी दगडावरून गेलं, तेव्हा कुणी त्याची फिकीर केली नाही. दगड काय तरंगत जाणार होता?

शिवाय त्या दुपारी कुणाला वेळच नव्हता. पावसाळ्याआधीचं ते मोठं उधाण. सातही होड्या त्या पाण्यावर वर आणून झाडांखाली ओढायच्या, हा वाडीचा वर्षाचा सोहळा. शेवटी सगळ्यात मोठी होडी आली, पंढरी तांडेलाची. तांडेल रिवाजाप्रमाणे मागच्या टोकाला उभा राहून हाका देत होता आणि खाली अख्खी वाडी दोराला लागली होती. होडी काही केल्या हलेना. "तांडेल, यंदा म्हावरं आतच ठेवलं काय?" कुणीतरी चेष्टा केली. "फळ्या पानी प्यायल्यात रे, वढा," तांडेल वरून म्हणाला. उपकेंद्राच्या नर्सबाई सुगंधा, त्यासुद्धा पदर खोचून दोराला लागल्या, तेव्हा कुठं होडी जागेवर आली.

आणि संध्याकाळी बघतात तर दगड गायब.

२. बोट डोंगराकडे

मंगळवारी देवळापुढे बैठक बसली. सरपंच अण्णा कागद घेऊन मधोमध बसले होते. माणूस सरळ, पण चारचौघांत आवाज चढला की लगेच पड खाणारा.

"वाळू चार हात खणली," अण्णा म्हणाले. "दगड खाली गेलेला नाही. नेलेला आहे."

"ती डोंगरातली म्हातारी," मागून कुणी बोललं. "ठमी. रविवारी दगड काढला तवा त्याला मिठी मारून रडत व्हती. तांदूळ टाकले त्याच्यावर. त्यांची जात दगडाला देव मानते. तिच्याच माणसांनी नेला."

"आणि आपण कशाला मानतो?" सुगंधा म्हणाली. "मी तुम्हाला पाया पडताना बघत नाही का?"

सुगंधा मूळची घिवलीची. बापाची होडी होती, त्यामुळे भरती-ओहोटी तिला पाढ्यासारखी पाठ. नवरा लवकर गेला, मूल नाही, आणि गेली अकरा वर्षं खाडीपासून डोंगरापर्यंत सात वाड्यांना सुया टोचत पायी फिरणं हाच तिचा संसार. एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीस नेल्याशिवाय बाई जेवायची नाही, आणि समोरच्यालाही जेवू द्यायची नाही.

"हे बघा नर्सबाई," अण्णा म्हणाले, "रविवारी नव्या चौथऱ्याची पूजा. पाऊस दाराशी आहे, पुढे ढकलता येत नाही. तोवर दगड मिळाला तर ठीक. नाहीतर चौकीवर कळवतो, मग ठमीला पोलीस बोलावतील. आणि चौथऱ्यावर सिमेंटचा फलक बसेल. पंढरीकाकांनी चार नावं दिलीत, तीच त्यावर."

"चारच?"

अण्णांनी कागद वर केला. "हीच तर भानगड. दगडावरचं इंग्रजी मी गेल्या महिन्यात बोईसरच्या एका साहेबाकडून वाचून आणलं. 'या गावातून तेवीस जण युद्धाला गेले, त्यांपैकी पाच जणांनी प्राण दिले.' वाडीला माहीत आहेत ते चारच."

"इंग्रज मोजनीत चुकला आसंल," पंढरी तांडेल शांतपणे म्हणाला. पासष्टीचा, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याचा बाप कान्हा तांडेल बसऱ्याहून परत आलेल्यांतला पहिला मानकरी. दगडापुढचा पहिला नारळ आजवर याच घरानं फोडला होता.

बैठक उठल्यावर तांडेल उपकेंद्रात आला. दोन्ही तळहात सोलटून लालभडक झाले होते. सुगंधानं औषध लावलं, चिमट्यानं काथ्याचे चार धागे काढले.

"काल वढताना दोर सुटला गं बाय," तो म्हणाला.

"जपा काका. धनुर्वाताची सुई देते."

त्याच्याकडे बघत ती सहज म्हणाली, "दगड मी शोधणार आहे. रविवारच्या आत."

तांडेल हसला. "शोध शोध. तुज्याच्यानं व्हईल तर बरंच हाय."

३. दगडाची पाठ

दुसऱ्या दिवशी सुगंधा बोईसरला गेली. कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मुकादम पानाची पिंक टाकत बसला होता. आळ आपल्या अंगावर येणार असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं आधीच आवाज चढवला.

"मैडम, हम पत्थर लेके क्या करेंगे? उसपे लिखा है, वो बिकता भी नहीं. मेरा ट्रक सोमवार को दिनभर पालघर में था, पूछ लीजिए."

"ट्रकचं मला माहीत आहे," सुगंधा म्हणाली. तिनं येतानाच तिथल्या ड्रायव्हरला गाठून विचारलं होतं. "मुझे ये बताओ, दगड काढला तेव्हा एक म्हातारी त्याला मिठी मारून रडली. मागच्या बाजूला काय होतं?"

मुकादमाचा आवाज खाली आला. "पीछे चाँद-सूरज बना था. छेनी से, कच्चा काम. और नीचे एक आदमी, नाव पे खड़ा. हाथ में बाँस. हमारे लड़के डर गए. उलटा ही रखने वाले थे, तो गाँव का कोई आदमी चिल्लाया, लिखाई ऊपर करो, नहीं तो अपशगुन होगा. तब सीधा किया."

"कोण माणूस?"

"मालूम नहीं मैडम. भीड़ सामने थी, पीछे का सिर्फ हम लोगों ने देखा."

परतीच्या शिफ्टच्या बसमध्ये सुगंधाला बसायला जागा मिळाली, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. वर चंद्र-सूर्य, खाली मेलेला माणूस. असला दगड तिनं डोंगरातल्या वाड्यांवर बांधाबांधाशी पाहिला होता. चिरा म्हणतात त्याला. घरातलं माणूस गेलं की त्याचा चिरा बसवायचा, नाहीतर त्याला जागा मिळत नाही, तो भटकत राहतो, अशी तिकडची समजूत. पण चिऱ्यावरचा माणूस घोड्यावर असतो. डोंगरातला माणूस होडीवर कशाला उभा राहील?

आणि डोंगरातल्यांचा चिरा सरकारी दगडाच्या पाठीवर कुणी कोरला?

४. पोहता न येणारा खलाशी

ठमीचं खोपट बेटेगावच्याही पुढे, चढणीवर. म्हातारी सत्तरीची असेल. दारात बसून मोहाची सुकी फुलं निवडत होती. सुगंधा दिसताच तिनं टोपली बाजूला सारली.

"धरायला आलीस काय बाय?"

"तुला धरून मी ठेवू कुठं? माझ्या उपकेंद्रात एकच खाट आहे." सुगंधा शेजारी टेकली. "ठमीआजी, दगडाच्या मागं कोण आहे?"

म्हातारी म्हणाली, "माजा बापूस. बुधा."

तिनं सांगितलं ते असं. बुधा कान्हा तांडेलाच्या वाडीत माडाला पाणी घालायच्या कामाला होता. एका साली बंदरावर साहेब आला, माणसं मोजून बोटीत भरली, त्यात बुधाही गेला. ठमी तेव्हा दोन-तीन वर्षांची. तो परत आला नाही. दगड बसला त्या साली कान्हा तांडेल स्वतः डोंगरावर आला आणि आईला म्हणाला, तुज्या घोवाचा चिरा त्या दगडाच्या पाठीवर कोर, मी बघून घेतो. दगड अजून भिंतीला लावला नव्हता. मामानं दोन रात्रीत कोरला. मग तो भिंतीला टेकला आणि पाठ झाकली गेली ती कायमची.

"आय दरसाल आखातीच्या सणाला तितं जाऊन तांदूळ ठेवायची. मंग मी. पंढरी तांडेल पायरीवरनं हाकलतो. मी मंग लांबनंच ठेवतं."

"आजी, तुझ्या बापाला होडी हाकता यायची?"

"कसली होडी? पानी बगून त्याला भोवळ यायची. आय सांगायची. पवता पन येत नव्हतं."

सुगंधाचे हात मांडीवरच थांबले. बसऱ्याला न्यायला खलाशी मोजून घेत होते, गावात होडीवर जन्मलेले गडी होते, आणि साहेबानं पाण्याला भिणारा, माडाला पाणी घालणारा डोंगरातला माणूस उचलला?

निघताना ठमीनं तिचा हात धरला. म्हातारीची पकड भलतीच घट्ट होती. "बाय, दगड काढला तवा मला वाटलं, आता पाठ उजेडात येल. लोकं इचारतील, ह्यो कोन. मी सांगन. येवढंच माजं काम रायलंय. त्यो सिमिटाचा फलक बसला तर झालं, मंग कोन इचारतंय?"

म्हातारीवर चोरीचा आळ घेणाऱ्या सगळ्यांचा सुगंधाला मनापासून राग आला. तो राग घेऊनच ती डोंगर उतरली.

५. जमनाचे माड

गुरुवारी सकाळी ती जमनाआजीकडे गेली. जमनाचा बाप बसऱ्यात गेलेल्या चौघांतला एक. म्हातारी बोंबील निवडत होती, आणि तिला बोलतं करायला काही करावं लागत नसे. गप्प करायचं असेल तर मात्र युक्ती लागे.

"सोमवारी दगड शेवटचा कुणी पाहिला?" सुगंधानं विचारलं.

"मीच. आठ वाजता. पानी चढाया लागलं व्हतं. मंग धा वाजता बगते तर दगड पान्याखाली, आन् पंढरी तितंच कमरेभर पान्यात आपल्या होडीला धरून उभा. दोर सोडवत व्हता."

"आणि ट्रक, बैलगाडी?"

"पान्यातनं?" जमना हसली. "तुजी आकल खुंटीवर ठेवून आलीस काय?"

"बरं, परत आलेले किती होते गं आजी, बसऱ्याहून?"

"अठरा. हे बग की." जमनानं देवळामागे हात केला. तिथं खाडीच्या वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या माडांची रांग होती. "जो परत आला त्यानं पाय जमिनीला लागल्याबरोबर एक माड लावला. त्यावरनंच तर वाडीला अठरामाड म्हनाया लागले. आधी नुसती खालची वाडी म्हनत."

अठरा परतले, चार मेले. बावीस. दगड म्हणतो तेवीस गेले. सुगंधा बोटांवर मोजत बसली. जमनानं तिला प्रत्येक माड कुणाचा ते सांगितलं. हा हिराच्या आज्याचा, हा एकनाथाच्या घरचा, हा पडक्या घरवाल्यांचा.

"आणि कान्हा तांडेलाचा?"

"त्याचा वादळात पडला म्हनतात. मी ल्हान व्हते."

सुगंधा रांगेत जाऊन आली. पावलं टाकून अंतर मोजलं. माडामाडामध्ये नऊ-नऊ पावलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधे कुठं खंड नाही, बुंध्याचं खोड नाही, खड्डा नाही. आणि एक गोष्ट त्याहून सरळ होती. वाडीचं नाव माड लावले तेव्हाच पडलं, वादळ मागाहून आलं. कान्हाचा माड कधी असता, तर ही वाडी एकोणीसमाड झाली असती.

कान्हा तांडेलानं माड लावलाच नव्हता. सबंध गावाशी तो खोटं बोलला होता, पण पाय लागल्याचा माड काही त्याच्या हातून लावला गेला नाही. कारण तो गेलाच नव्हता.

मग कान्हाच्या नावानं जहाजावर कोण चढलं, हे सांगायला आता साहेबाची गरज नव्हती.

का, ते कळलं होतं. कोण, तेही कळलं होतं. पण सहा माणसांचा दगड भर दुपारी, पाण्याखालून, एकट्या म्हाताऱ्यानं नेला कसा आणि ठेवला कुठं? हे दाखवल्याशिवाय तांडेलाला हात लावणं म्हणजे अख्खी वाडी अंगावर घेणं. आणि रविवार तीन दिवसांवर आला होता.

६. होडीचा तळ

शुक्रवारी ती होड्यांमधून चालत गेली. वाडीची सगळी माणसं तिथंच होती. होडी वर आली की लगेच तिचा तळ खरवडायचा, चिकटलेली कालवं पाडायची, पेंढा पेटवून तळाला धग द्यायची म्हणजे कीड मरते, मग तेल पाजायचं आणि सगळ्यात शेवटी झावळ्यांनी शाकारून टाकायची. सहा होड्यांचे तळ तेलानं चकाकत होते. माणसं खाली उताणी पडून काम करत होती.

सातवी, पंढरी तांडेलाची, कधीच शाकारून झाली होती. झावळ्या पार जमिनीपर्यंत सोडलेल्या.

सुगंधा उभी राहिली. ज्या तांडेलाची होडी वाडीत सगळ्यात निगुतीची, त्यानं तळाला हात न लावता ती झाकली? तिनं झावळी बाजूला केली. तळावर कालवं तशीच सुकून पांढरी पडलेली. आणि बाकीच्या होड्या वाळूत बसल्या होत्या, ही मधोमध वीतभर उंच होती.

वीतभर.

तिला एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःच्या तळहाताकडे लक्ष गेलं. सोमवारच्या दोराचा वळ अजून गेला नव्हता.

"काय बगतंस बाय?" मागे तांडेल उभा होता. हाताला पट्टी, चेहऱ्यावर रंग नाही.

"बसा काका," ती म्हणाली. "एक विचारते. सोमवारी तुम्ही होडीवर उभे राहून हाका देत होता. मीच खाली दोराला होते, मी पाहिलंय. मग दोर ओढताना तुमचे हात कसे सोलटले?"

तांडेलानं पट्टीचे हात पाठीमागे घेतले.

"माझा बाप खाडीत बुडालेला नांगर असाच काढायचा. पाणी कमी असताना होडी त्याच्यावर आणायची, दोर खालून घालून दोन्ही बाजूंना आवळून बांधायचा आणि स्वस्थ बसायचं. भरती चढते, होडी वर येते, नांगर तिच्याबरोबर. ताकद भरतीची, माणसानं फक्त गाठ मारायची. दगड ओंडक्यांवर होता, खालून दोर घालायला जागा आयतीच. दहा वाजता तुम्ही गाठ मारत होता. दोर आवळताना हात सोलटले. बाराला भरती पूर्ण झाली आणि तुम्ही दगड घेऊन आलात, वाडीच्या डोळ्यांदेखत." तिनं होडीच्या फळीवर हात टेकला. "फळ्या पाणी प्यायल्या नव्हत्या काका. दगड आम्ही ओढला. सगळ्या वाडीनं. मी पण."

तांडेल वाळूत खाली बसला. इतका ताठ माणूस एवढासा दिसू लागला.

"बाबांनी मरताना सांगितलं," तो म्हणाला. "साहेबानं यादी वाचली. कान्हा म्हनून हाक आली. बाबा माळ्यावर पेंढ्यात लपून बसले व्हते. बुधा पुढं झाला. बाबांनी त्याला शब्द दिला व्हता, तुज्या बायकापोरीला सांभाळीन. मंग बाकीचे परत येस्तवर बाबा गावाभायेर ऱ्हायले. पह्यली काही वर्सं भात पोचवला. मंग कमी कमी व्हत गेलं. मंग माज्या हातात आलं, तवा मी ठमीला पायरीवरनं हाकलली." त्यानं पट्टीच्या हातानं तोंड पुसलं. "परत आलेल्या अठरांना सगळं ठाव व्हतं. त्यांनी बाबांना तोंडघशी पाडलं नाय. आता ते अठराबी नायत. वाटलं, माज्यासंगट ह्ये पन जाईल. तर अण्णानं त्यो इंग्रजी कागद आनला. मंग मुकादमानं दगड उलटा केला."

"मग समुद्रात का नाही टाकलात? दोर कापायचा आणि सोडून द्यायचा. कुणाच्या बापाला सापडला नसता."

तांडेलानं वर पाहिलं. डोळे भरले होते. "पाच मानसं पान्यात गेली बाय. त्यांना पुन्यांदा माज्या हातानं पान्यात टाकू?"

सुगंधाला त्याची कीव आली, पण तिनं ती बोलून दाखवली नाही. ठमीची घट्ट पकड तिला अजून मनगटावर जाणवत होती.

"रविवारी अख्खी वाडी जमेल," ती उठत म्हणाली. "तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन. पण मी सांगितलं तर ती चोरी ठरेल."

७. हाक

रविवारी सकाळी नव्या चौथऱ्यावर सिमेंटचा फलक गोणपाटात गुंडाळून तयार होता. आभाळ काळं होऊन आलं होतं. ठमी येऊन लांब बाभळीखाली उभी राहिली होती. सुगंधानंच तिला आणली होती आणि लोक तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघत होते.

अण्णा बोलायला उठले. त्यांच्याआधी तांडेल उठला.

त्यानं सगळं सांगितलं. माळा, पेंढा, साहेबाची हाक, पायरी, होडी. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. जमनानं तोंडाला पदर लावला होता. अण्णांनी हातातला कागद खाली ठेवला.

"होडी पुढं वढाया लागंल," तांडेल म्हणाला. "दगड तिच्याखाली हाय."

माणसं खाली गेली. झावळ्या काढल्या, ओंडके घातले, दोर लावला. वाडीची माणसं सवयीनं आपापल्या जागी उभी राहिली आणि मग थांबली. होडी ओढायची तर मागच्या टोकाला तांडेल हवा. त्याची हाक पडल्याशिवाय एका वेळी जोर लागत नाही.

पंढरी तांडेल होडीवर चढला नाही. तो दोराच्या शेवटी, पोरासोरांच्याही मागे जाऊन उभा राहिला आणि पट्टीच्या हातांनी त्यानं दोर धरला.

"मंग हाक कोन देनार?" एकनाथानं विचारलं.

कुणी पुढे होईना. तांडेलाच्या जागेवर तांडेलाच्या डोळ्यांदेखत उभं राहायची कुणाची छाती होती? सुगंधा ठमीकडे गेली. तिनं म्हातारीचा हात धरून तिला होडीशी आणलं, दोघा गड्यांनी तिला वर चढवलं. ठमीनं आयुष्यात होडीवर पाय ठेवला नव्हता. ती फळीला घट्ट धरून उभी राहिली.

"काय वरडू?" तिनं खाली वाकून विचारलं. "मला तुमची हाक येत नाय."

"तुला येईल ती," सुगंधा म्हणाली.

म्हातारीनं एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे. मग तिच्या चिरक्या आवाजात तिनं तेच एक नाव घेतलं, जे सत्तर वर्षांत या वाडीत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"बुधाऽऽ"

दोर ताणला गेला. होडी हलली नाही.

"बुधाऽऽ"

या खेपेला खालून सगळ्यांनी साथ दिली, जमनानं, अण्णांनी, शेवटी उभ्या असलेल्या पंढरीनंही. होडी कुरकुरत चार हात पुढे सरकली आणि तिच्याखाली वाळूत काळा दगड दिसला. सहा गड्यांनी तो उलटा केला. पाठीवर चंद्र, सूर्य, आणि होडीवर बांबू घेऊन उभा असलेला माणूस.

फलक बसवायला बोलावलेला पाथरवट छिन्नी घेऊन वाटच बघत होता. चार नावांखाली पाचवं काय घालू, त्यानं विचारलं, तेव्हा अण्णांनी ठमीकडे पाहिलं. ठमी अजून होडीवरच होती. तिला खाली उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ती ओरडायची थांबलेली नव्हती.